चेकनाका, चेक्सचा शर्ट आणि न वटलेला चेक

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

मुलुंड चेकनाक्यावर आता नेमकं काय चेक होतं? मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गेली. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशींवर लहान गाड्यांचा टोलही माफ झाला. तरी ठाण्यात कुठल्याही रिक्षावाल्याला नुसतं 'चेकनाका' म्हणा, तो पुढचं काही विचारत नाही.

या नावापायी शब्दाच्या मागे लागलो. बँकेतला चेक, शर्टावरचे चेक्स, डॉक्टरकडचं चेकअप, विमानतळावरचं चेक-इन, ओढ्यावरचा चेक डॅम आणि आपलं रोजचं 'चेक करून सांगतो'. एवढ्या तऱ्हा बघून कुणालाही वाटेल, हे योगायोगाने सारखे दिसणारे वेगळे शब्द असणार. तसं नाही. सगळ्यांचं मूळ एकच, आणि ते बुद्धिबळाच्या पटावर आहे.

चतुरंग हा खेळ आपल्याकडून साधारण सहाव्या शतकात इराणात गेला. तिथल्या खुस्रो अनुशिरवान या ससानी बादशहाच्या दरबारात हिंदुस्थानातून पट आला, अशी कथा पहलवी भाषेतल्या एका छोट्या ग्रंथात आहे. 'चतुरंग'चं तिथे 'चतरंग' झालं, पुढे अरबांनी 'शतरंज' केलं. समोरच्याच्या राजावर मोहरा रोखला की इराणी खेळाडू हाक द्यायचा, 'शाह!' म्हणजे 'राजा!', तुझा राजा सांभाळ. अरबांबरोबर खेळ स्पेन-सिसिलीला पोचला आणि ही हाकही पोचली. लॅटिनमध्ये 'स्काकुस', जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि नॉर्मन लोकांची फ्रेंच इंग्लंडात रुळल्यावर इंग्रजीत 'चेक'. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून 'चेस' झालं. म्हणजे खेळाचं नाव अनेकवचन आणि त्यातली हाक एकवचन.

१३०० च्या आसपास इंग्रजीतला चेक फक्त पटावरचा होता. आता शह बसल्यावर माणूस काय करतो? डोक्यात रचलेली चाल सोडतो आणि आधी राजा वाचवतो. म्हणून चौदाव्या शतकातच क्रियापदाचा अर्थ झाला अडवणे, थोपवणे. अडवण्यावरून काबूत ठेवणे. काबूत ठेवायचं तर हिशेब दुसऱ्या नोंदीशी ताडून बघावा लागतो, तिथून पडताळणे. हा 'तपासण्या'चा अर्थ रुजायला सतरावं शतक संपत आलं होतं. आपण मराठीत जो एकुलता अर्थ घेतला, तो त्या घरातलं शेंडेफळ.

आणि थोरला भाऊ आपल्याकडे आधीपासूनच राहतोय! फारसीतून थेट मराठीत आलेला 'शह'. शह देणे, शह बसणे, शह-काटशह. महापालिकेच्या निवडणुकीची कुठलीही बातमी काढा. वरच्या ओळीत अमक्या गटाने तमक्याला शह दिलेला असतो आणि खालच्या ओळीत उमेदवारांची कागदपत्रं 'चेक' झालेली असतात. दोघे भाऊ एकाच परिच्छेदात, ओळख नाही.

माझं म्हणणं एवढंच की आपला चेक 'तपासणे' या एका खोलीत अडकल्यामुळे इंग्रजी वाचताना आपली फसगत होते. थांबवण्याचा अर्थ तिकडे अजून जिवंत आहे. तुमच्या कामात, वाचनात असं कुठे दिसलंय का?

वाशीकरीण

शर्टाचं राहिलं की. चेक्स पटावरच्या घरांवरून?

खाडीपलीकडचा

हो, घरांवरूनच. जुन्या फ्रेंचमध्ये पटाला 'एशेकिये' म्हणत, त्यातून इंग्रजीत 'चेकर' आला, आणि त्याचंच आखूड रूप कापडाला लागलं. आपली आजी त्याला चौकड्याचं कापड म्हणायची.

पारशिक_बोगदा

कठीण आहे. मराठी संकेतस्थळ, आणि गोडवे इंग्रजी क्रियापदाचे. आधी 'तपासणे', 'पडताळणे', 'शहानिशा करणे' हे शब्द वापरा की राव. दोन पिढ्यांनी हे शब्द कोशातच सापडतील.

नौपाड्याची_माई

पारशिकराव, 'शहानिशा' तर मीही रोज वापरते. पण ज्या शब्दाने नोकरीभर पोट भरलं त्याची चौकशी करायला हरकत काय? सहकारी बँकेत रोखपाल होते, तेव्हा या धाग्यावर बोलायचा थोडा हक्क आहे. लांबेल, चहा घेऊन बसा.

पटाला फ्रेंचमध्ये काय म्हणत ते वर आलंच आहे. त्याच शब्दाचं इंग्रजीत 'एक्सचेकर' झालं, म्हणजे सरकारी खजिना. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात. खजिन्याचा आणि बुद्धिबळाचा संबंध असा की बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब चौकटींच्या कापडावर व्हायचा. रिचर्ड फिट्झनील नावाचा खजिनदार होता, त्याने ११७० च्या दशकात लॅटिनमध्ये या कचेरीच्या कारभारावर पुस्तकच लिहायला घेतलं. दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेज. त्यावर काळं कापड, कापडावर रेघा. एक उभा पट्टा पेनींचा, एक शिलिंगांचा, एक पौंडांचा, मग विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. पट्ट्यांत सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी. रोमन आकड्यांत कागदावर वजाबाकी करून बघा म्हणजे कळेल, सोंगट्या का लागत होत्या ते.

मेजाच्या एका बाजूला राजाचा खजिनदार, समोर परगण्याचा वसुली अधिकारी, म्हणजे शेरीफ. फिट्झनील स्वतःच म्हणतो की बुद्धिबळात दोन राजांची लढाई असते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची असते. आमच्याकडे ऑडिट आलं की मॅनेजरसाहेबांचा चेहरा पाहून मला हे अगदी पटतं.

आता पावती. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी पावती हवी, म्हणून लाकडाची काठी घेत आणि तिच्यावर खाचा पाडत. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभरांना अंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी, एका पौंडाला सातूच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. एक अर्ध सरकारकडे, एक पैसे भरणाऱ्याकडे. वाद झाला की दोन्ही अर्धं जुळवायची. खाचा जुळल्या नाहीत तर कुणीतरी लबाडी केली.

ही जोडीने ठेवायची युक्ती पुढे कागदावर आली. सरकारी रोख्याचा जो तुकडा दप्तरात राहायचा, त्याला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत 'चेक' म्हणू लागले. आपण ज्याला स्थळप्रत म्हणतो ती. लबाडीला आळा घालणारी म्हणून चेक. हळूहळू स्थळप्रतीचं नाव मुख्य कागदाला लागलं आणि बँकेचा चेक जन्माला आला. अमेरिकेत स्पेलिंग साधंच राहिलं. ब्रिटनमध्ये 'एक्सचेकर'च्या वळणावर जाऊन शेवटी 'क्यू-यू-ई' लागलं, आणि आपल्या १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यातही, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्यातही, तेच आहे. चेक न वटल्यावर लागणारं कलम १३८ मात्र मूळचं नव्हे. ते १९८८ च्या दुरुस्तीने आलं, आणि १९८९ पासून लागू झालं.

त्या काठ्यांचं पुढे काय झालं तेही ऐका. १८३४ च्या ऑक्टोबरात, बाद झालेल्या काठ्यांचे ढीग जाळून टाकायचे म्हणून लंडनच्या पार्लमेंटच्या भट्ट्यांत घातले. आग आटोक्याबाहेर गेली आणि दोन्ही सभागृहं जळाली. जुनी दप्तरं गच्चीवर नेऊन जाळणाऱ्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी हे सांगितलं आहे.

घोडबंदरचा_घोडा

माई, _/\_ वाचनखूण साठवली.

वाशीकरीण

म्हणजे हल्ली मोठा चेक दिला की ॲपवर जाऊन रक्कम, तारीख, नाव परत भरावं लागतं, ते त्या दोन अर्ध्या काठ्यांचंच झालं की!

नौपाड्याची_माई

अगदी. 'पॉझिटिव्ह पे' म्हणतात त्याला, १ जानेवारी २०२१ पासून आहे, पन्नास हजार आणि त्यापुढच्या चेकसाठी. बँकेकडे तुमचा तपशील आधी पोचतो, चेक आला की दोन्ही जुळवून बघतात. खाच जुळली तर पैसे.

पारशिक_बोगदा

माईंचा प्रतिसाद चांगला आहे. माझं मत मात्र बदललेलं नाही. 'धनादेश' काय वाईट आहे?

नौपाड्याची_माई

वाईट काही नाही. काउंटरवर कुणी कधी मागितला नाही, इतकंच.

प्यादं_पुढे

ठाण्यात लहान मुलांना बुद्धिबळ शिकवतो. माझ्याकडची मुलं 'चेक!' ओरडतात आणि त्यांना सोडायला आलेले आजोबा 'शह म्हण रे' करतात. दोघांनाही सांगावं लागतं की स्पर्धेत यातलं काहीच म्हणायचं नसतं. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत शह जाहीर करणं बंधनकारक नाही. समोरच्याने स्वतःचं बघून घ्यावं. ज्या हाकेपासून एवढे शब्द निघाले, ती हाकच पटावर आता ऐच्छिक आहे. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडे मुली वाढल्यात. त्या तर शह देऊन नुसतं घड्याळ दाबतात आणि गप्प बसतात. जास्त भीती वाटते.

'चेकमेट'बद्दल लिहायचं होतं. 'शाह मात' म्हणजे 'राजा मेला' असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. अरबीत 'मात' म्हणजे मेला, हे बरोबर. पण फारसीत 'मात' म्हणजे हतबल झालेला, काय करावं न सुचून उभा राहिलेला. खेळाच्या नियमाला हा दुसरा अर्थच जुळतो. बुद्धिबळात राजा कधी मारत नाहीत. प्यादी मरतात, हत्ती मरतात, वजीर मरतो. राजाला हलायला जागा उरत नाही आणि डाव तिथेच संपतो. मराठीचा कान इथे शाबूत आहे. 'संकटावर मात केली', 'आजारावर मात केली' म्हणतो, त्यात कुणी मरत नाही, समोरच्याचा उपाय संपतो.

खाडीपलीकडचा

हे फार छान. 'मात' आपण रोज वापरतो आणि ती पटावरून उठून आली आहे याचा पत्ताच नसतो.

उलवेचा_उपरा

आमच्या सोसायटीतले शहाकाका मग मूळचे इराणचे राजे म्हणायचे की काय? :ड मेंटेनन्सच्या बाबतीत वागतात तसेच.

सोपारा_बंदर

गुजराती 'शहा' वेगळे. ते 'साधु'वरून 'साहु', 'साह' असं आलेलं व्यापारी नाव, त्याच साहुपासून आपला 'सावकार' आहे. फारसी बादशहाशी नातं फक्त उच्चाराचं.

खऱ्या फारसी 'शाह'चं नातं आपल्याशी दुसऱ्या बाजूने आहे, आणि ते जास्त जवळचं आहे. प्राचीन फारसीतला राजा म्हणजे 'क्षायथिय'. त्यात 'क्षि' हा राज्य करण्याचा धातू आहे, जो संस्कृतात 'क्षयति' म्हणजे 'सत्ता चालवतो' या वैदिक रूपात दिसतो. 'क्षत्र', 'क्षत्रिय' त्याच कुळातले. प्रांत सांभाळणारा तो 'क्षत्रप', हाही मुळात इराणी शब्द. या क्षत्रपांपैकी नहपानाची सत्ता आपल्या भागावर होती. त्याचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यांतला लेख वाचा, त्यात सोपाऱ्याचं नाव आहे. तेव्हा 'चेक' म्हणताना तोंडात थोडा क्षत्रिय येतो, असं म्हणायला हरकत नाही.

उलवेचा_उपरा

शहाकाकांना हे सांगत नाही. डोक्यात जाईल.

बरं, माझी खरी भर. अमेरिकन टीमबरोबर काम करतो. नवीन होतो तेव्हा तिकडच्या बाईंना म्हटलं, शुक्रवारी कॉल ठेवू. त्या म्हणाल्या, 'रेन चेक घेते.' जुलै महिना, इकडे महापेला धो धो पाऊस. मी इमानदारीत हवामान खात्याचं पान उघडून त्यांना मुंबईचा अंदाज पाठवला. ऑरेंज अलर्ट होता. त्यांनी नुसता हसरा चेहरा पाठवला. नंतर एका सिनियरने सांगितलं, त्याचा अर्थ 'आत्ता नको, पुढे कधीतरी'.

माईंचा प्रतिसाद वाचून आज त्याची वीण कळली. १८८० च्या दशकात अमेरिकेत पावसाने बेसबॉलचा सामना रद्द झाला की प्रेक्षकाला पुढच्या सामन्यासाठी तिकिटाचा तुकडा देत, तो रेन चेक. म्हणजे तिथे चेक म्हणजे पावती, अर्धी काठी. तिकडच्या रेल्वेतही सामानाला पितळी बिल्ला लावून त्याचा जोडीदार प्रवाशाला देत, तोही चेक. विमानात बॅग 'चेक' करतात ती म्हणून. आपल्याला वाटतं आत काय आहे ते बघतात. बघतात ते वेगळंच, त्याला स्क्रीनिंग म्हणतात.

वाशीकरीण

हॉटेलात 'चेक प्लीज' म्हणतात तेही पावतीवालंच ना? मी एकदा सिनेमात बघून वाशीच्या हॉटेलात म्हटलं होतं. वेटर म्हणाला, ताई चेक नाही चालत, जीपे करा.

घोडबंदरचा_घोडा

=))

कल्याण_लोकल

टीसी = टिकट चेकर. हाही घ्या धाग्यात.

रुळावरचा

नाही घेता येणार. टीसी म्हणजे टिकट कलेक्टर. नोकरी रेल्वेत, म्हणून सांगतो. पूर्वी फाटकावर उभं राहून तिकिटं गोळा करायची म्हणून कलेक्टर. लांबच्या गाडीतला तो टीटीई, म्हणजे एक्झामिनर. 'चेकर' हे पब्लिकने दिलेलं नाव. पण ठाण्याच्या मधल्या पुलावर सकाळी आमची माणसं उभी असतात तेव्हा जे होतं, ते धाग्यातल्या जुन्या अर्थाचंच आहे. तिकीट तपासलं जातं थोड्यांचं. थबकतात सगळे.

कल्याण_लोकल

आणि काही जण लगेच वळून दुसऱ्या जिन्याने उतरतात. काटशह.

माळशेजचा_पायथा

मुरबाडकडचा आहे, जलसंधारणाच्या कामावर बरीच वर्षं काढली. धागाकर्त्याने चेक डॅमचा उल्लेख करून सोडून दिलाय. गावाकडे हा शब्द इतका रुळलाय की आमच्या आदिवासी पाड्यांवरच्या बायाही 'च्याकडॅम' म्हणतात. मी स्वतः बरीच वर्षं समजत होतो की अधिकारी येऊन चेक करतात म्हणून चेक डॅम. आणि ते येतातही, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं.

इथे चेक म्हणजे थोपवणे. ओढ्याचं पाणी पूर्ण अडवायचं नाही. तेवढ्या उंचीचा बांध झेपणारही नाही. फक्त वेग मोडायचा. आमच्याकडे सह्याद्रीचा उतार असा की पाऊस पडला की पाणी धावत खाली, काळू नदीतून उल्हास नदीला, तिथून खाडीला. चार महिने महापूर आणि मार्चपासून हंड्यांची रांग. बांधाने पाण्याचा वेग मोडला की दोन गोष्टी होतात. गाळ बांधामागे बसतो, आणि थांबलेल्या पाण्याला जमिनीत मुरायला वेळ मिळतो. खालच्या विहिरींना त्याचा उपयोग. पाणी बांधावरून वाहून जात असलं तरी बांध काम करतच असतो, हे पाहुण्यांना समजावताना घाम निघतो. त्यांना वाटतं भरून वाहिला म्हणजे फुकट गेला.

पटावरचा शहही तसाच असतो ना? डाव संपत नाही, पुढच्याची घाई मोडते.

प्यादं_पुढे

तंतोतंत. नुसत्या शहाने कुणी हरत नाही. माझ्याकडची नवी मुलं दिसला शह की दे, दिसला की दे, असं करतात. समोरचा राजा एकेक घर सरकत चांगल्या जागी जाऊन बसतो. शह द्यायचा तो समोरच्याची चाल वाया घालवायला.

माळशेजचा_पायथा

आमच्याकडेही चुकीच्या जागी बांध घातला की ओढा बाजूने माती खाऊन नवीन वाट काढतो.

उलवेचा_उपरा

अवांतर : 'चेकाळणे' पण यातलंच का? शह सुटलेला माणूस चेकाळतो?

खाडीपलीकडचा

कल्पना झकास, पण नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर नातं जोडलं तर शहाकाकांचं झालं तसं होईल. आपल्या आज्या इंग्रजीचा वारा न लागता नातवंडांना 'चेकाळू नका' म्हणत आल्यात.

शाईचा_डाग

भाषांतराची कामं करते. धागाकर्त्याने विचारलेल्या फसगतीचा ताजा नमुना माझ्या टेबलावर पडलाय. उल्हास नदीवरच्या इंग्रजी मजकुराचं मराठी करायचंय. आधी कुणीतरी ते यंत्राकडून करून घेतलं आणि मला 'जरा नजर टाका' म्हणून पाठवलं. त्यात वाक्य आहे : 'जलपर्णीच्या न तपासलेल्या वाढीमुळे नदीचे पात्र झाकले गेले आहे.' मुळात 'अनचेक्ड ग्रोथ' आहे. जलपर्णी तपासायला कोण जाणार होतं पात्रात?

पुढच्या पानावर 'चेक्स अँड बॅलन्सेस' आलंय, तिथे यंत्राने 'धनादेश आणि शिल्लक' असं केलंय. हे मी विनोद म्हणून रचलेलं नाही.

नौपाड्याची_माई

धनादेश आणि शिल्लक! पारशिकराव, घ्या तुमचा धनादेश.

पारशिक_बोगदा

:) मान्य, इथे नको होता. 'नियंत्रण आणि संतुलन' हा रूढ शब्द आहे, राज्यशास्त्राच्या पुस्तकात असतो. विधिमंडळ, सरकार आणि न्यायालय यांनी एकमेकांना मोकाट सुटू द्यायचं नाही, असा अर्थ. चेक म्हणजे इथे तपासणी नव्हे, अडवण्याचा अधिकार.

शाईचा_डाग

तेच घेते. पण गंमत बघा, 'चेक' च्या या जुन्या अर्थासाठी मराठीत शब्द शोधायला बसले तर सगळी जनावरं जमली. लगाम घोड्याचा. पायबंद घोड्याच्या मागच्या पायांचा. अंकुश हत्तीचा. वेसण बैलाची. महागाईला लगाम, भ्रष्टाचाराला पायबंद, नोकरशाहीवर अंकुश, खर्चाला वेसण. इंग्रजी माणूस थोपवायचं म्हटलं की राजदरबारी खेळ आठवतो, मराठी माणूस गोठ्यात नाहीतर पागेत जातो.

सोपारा_बंदर

इंग्रज अगदीच पागेबाहेर नाही. घोड्याने मान खाली घालू नये म्हणून एक जादा वादी असते, तिला ते 'चेक रेन' म्हणतात. आणि आपल्याकडेही राजकारण म्हटलं की पट येतोच. प्यादी पुढे करणे, वजीर गमावणे, शह, मात.

शाईचा_डाग

मान्य. पण माणसामाणसातल्या डावपेचांना आपण पट वापरतो आणि आपोआप वाढत, पसरत जाणाऱ्या गोष्टीला दोरी. महागाईला कुणी शह देत नाही. कारण शह द्यायला समोर खेळणारा लागतो. इंग्रजीच्या 'चेक'ला तो लागत नाही. पाणी, रोग, गवत, काहीही चालतं.

खाडीपलीकडचा

हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. म्हणजे 'शह' आणि 'चेक' भाऊ खरे, पण आपल्या शहाने पट सोडताना समोरचा खेळाडू बरोबर घेतला आणि इंग्रजीवाल्याने त्याला पटावरच सोडलं.

माळशेजचा_पायथा

मग आमच्या बांधाचं मराठी काय करणार? 'शह-बंधारा' म्हणू नका म्हणजे झालं. वनराई बंधारा, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असे शब्द आहेत, पण ते वेगळ्या बांधणीचे. पहिला पोत्यांचा, दुसरा फळ्या घालायचा.

शाईचा_डाग

च्याकडॅमच राहू दे. बाया म्हणतात ते बरोबर आहे.

वाशीकरीण

आणि जलपर्णीचं काय लिहिलंत शेवटी?

शाईचा_डाग

'जलपर्णीला आळा न घातल्याने' असं आधी केलं होतं. पण मूळ लेखकाला कुणावर ठपका ठेवायचा नाहीये, नुसती स्थिती सांगायचीये. म्हणून 'जलपर्णी बेसुमार फोफावल्याने नदीचे पात्र झाकले गेले आहे.' क्लायंटने विचारलंय, 'अनचेक्ड' कुठे गेलं?

नौपाड्याची_माई

सांगा, तपासून बघते.